जलालैन वाचन, महिना सातवा : एका शब्दापाशी अडलेली गाडी

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की रोज दहा आयती (कुरआनातली वचनं) या हिशेबाने पावसाळा सरायच्या आत सूरा (अध्याय) आल-इम्रान उरकतो. पावसाळा सरला. मी सातव्या आयतीवर आहे.

नव्यांसाठी थोडक्यात : लहानपणी मकतबात नाझरा झाला होता, म्हणजे अक्षरं फाडफाड वाचता येतात, अर्थाच्या नावाने शून्य. तीन वर्षं नहव-सर्फ, म्हणजे अरबी व्याकरण, घोकलं आणि मग 'तफसीर जलालैन' ही कुरआनवरची अरबी टीका उघडली, कारण जो तो म्हणतो की ती छोटी आणि सोपी आहे. छोटी आहे हे खरं.

दोन जलालुद्दीन, म्हणून जलालैन. कैरोच्या जलालुद्दीन महल्लींनी सूरा कहफपासून शेवटपर्यंत लिहिलं, मग फातिहा घेतली आणि १४५९ मध्ये ते वारले. उरलेला पहिला अर्धा भाग त्यांचे शिष्य जलालुद्दीन सुयूती यांनी पुरा केला, तेव्हा ते जेमतेम बाविशीचे होते. लागले चाळीस दिवस. हजरत मुसांना (मोझेस) अल्लाहकडून मिळालेल्या मुदतीइतके, असं ते स्वतःच लिहून ठेवतात. मी चाळीस दिवसांत वहीची साडेतीन पानं भरतो.

मीही महल्लींच्याच क्रमाने कहफपासून निघालो. कहफ, मरियम, ताहा झाल्यावर सुयूतींचा हात कसा आहे ते पाहावं म्हणून आल-इम्रानवर उडी मारली. गुरूच्या भागातली एक जागा मात्र अजून डोक्यातून जात नाही. कहफच्या ८६व्या आयतीत झुलकरनैन या राजाला सूर्य चिखलाच्या झऱ्यात मावळताना दिसतो. महल्ली चिखल म्हणजे काळी माती एवढं सांगतात आणि जाता जाता पुस्ती जोडतात : हे डोळ्यांना दिसतं तसं, एरवी सूर्य दुनियेहून मोठा आहे. पुढची आयत सुरू!

या पुस्तकाची गंमत आणि फसगत एकच आहे. टीका आयतीच्या पोटातच घातलेली असते. आयतीचे दोन शब्द, मधे अर्थाचा एक, पुन्हा आयत, आणि सगळं मिळून एक सलग वाक्य व्याकरणात चपखल बसतं. यमनच्या कोणा आलिमाने (धर्मपंडिताने) म्हणे अक्षरं मोजली, तर सूरा मुज्जम्मिलपर्यंत कुरआनची आणि टीकेची संख्या सारखीच भरली. पुढे टीका वरचढ होते, म्हणून वुजूशिवाय, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन शुद्ध न होता, हे पुस्तक हातात धरायला हरकत नाही असा निष्कर्ष त्याने काढला. मी मोजायला बसणार नाही.

आता आल-इम्रानची सातवी. काही आयती मुहकम, म्हणजे पक्क्या अर्थाच्या, आणि काही मुतशाबिह, म्हणजे संदिग्ध अर्थाच्या, असं ती सांगते. पुढचं वाक्य : त्याचा तावील (खरा अर्थ) अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही आणि ज्ञानात मुरलेले म्हणतात, आम्ही यावर ईमान आणलं. 'अल्लाह'नंतर थांबलात तर अर्थ फक्त त्यालाच ठाऊक. न थांबता पुढे गेलात तर आलिमांनाही ठाऊक. सगळं एका 'व'वर, अरबीतल्या 'आणि'वर, लोंबकळतंय, आणि तेही संदिग्धतेबद्दल बोलणाऱ्या आयतीत.

सुयूती तिथे एकच शब्द ठेवतात : 'वहदहू', एकट्या त्यालाच. पुढच्या 'मुरलेल्यां'ना मुब्तदा (वाक्याचं उद्देश्य) ठरवतात, म्हणजे तिथून नवं वाक्य. झाला निकाल. माझ्या प्रतीतले कंस इतके फिके आहेत की मी 'वहदहू' आयतीतलाच शब्द समजून वहीत उतरवला आणि दोन दिवस त्यावर अर्थ रचत बसलो. मुसहफ, म्हणजे नुसत्या कुरआनची प्रत, उघडल्यावर कान पकडले.

मग जुने टीकाकार तबरी काढले. (मृत्यू ९२३, बगदाद. त्यांना हात लावला की आठवडा गेलाच.) ते दोन्ही बाजूंची रिवायतं (परंपरेने आलेली मतं) सनदीसकट, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्या साखळीसकट, मांडतात. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास दोन्हीकडे सापडतात! त्यांचे शिष्य मुजाहिद न थांबणाऱ्यांत. शेवटी तबरी स्वतः थांबण्याच्या बाजूचे. दुसरे टीकाकार जमख्शरी उलट, 'अल्लाह आणि त्याचे ज्ञानात मुरलेले बंदे' असं जोडून वाचतात. ते मुअतजिली पंथाचे होते, बुद्धीवर भिस्त, म्हणून असं वाचलं, असं मी वहीत लिहून टाकलं होतं. पण मुजाहिद तर त्या पंथाच्या आधीच्या पिढीतले, तेव्हा ती ओळ खोडली. आता मला त्या 'वहदहू'मागची सगळी भांडणं ऐकू येतात, म्हणून वेग गेला. सुयूतींनी ती पाचशे वर्षांपूर्वीच ऐकून घेतलेली, आणि मला 'सोपं पुस्तक' म्हणून ही चार अक्षरं दिली.

एक बाजूची खरेदी : माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी यांच्या 'तब्सीरुर्रहमान'ची छायाप्रत. लहानपणी माहीमच्या उरुसाला गेलो की खेळण्यांच्या गाड्यांपलीकडे नजर जायची नाही. तिथे निजलेला माणूस अरबीत अख्ख्या कुरआनची तफसीर लिहून गेलाय हे कोणी सांगितलंच नाही. १४३१ मध्ये ते गेले, सुयूतींचा जन्म १४४५ चा. प्रत्येक सूरेच्या बिस्मिल्लाहचा ('अल्लाहच्या नावाने' या सुरुवातीच्या ओळीचा) अर्थ ते त्या त्या सूरेच्या विषयाप्रमाणे वेगळा लावतात. आतापर्यंत तीनच बिस्मिल्लाह लावून झालेत, त्यातल्या दुसऱ्याचं एक क्रियापद अजून सुटलेलं नाही. कोणाला जमलं तर कळवा. मी तोवर आठव्या आयतीवर जातो.