फुरसं इकडे, फुरसं तिकडे

पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडून नाशिकला सर्पदंशाचे रुग्ण येतातच. त्या दुपारी आमच्या आयसीयूत आलेल्या तरुणाला गवत कापताना बोटाला चावा बसला होता. सोबतचा चुलता म्हणाला, "फुरसंच व्हतं डाक्टर. वेटोळं घालून अंग घासत व्हतं, करवतीवानी आवाज." याहून चोख वर्णन पुस्तकातही सापडणार नाही.

पोराच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि २० मिनिटं कुणी हात लावू नका म्हणून बजावलं. वेळ झाल्यावर सिस्टरांनी नळी कलती केली, तर रक्त सरळ काठापर्यंत वाहत आलं. फुरशाचं विष गोठण्याची क्रिया इतकी भडकवतं की रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारं प्रथिनच, खर्ची पडतं. मग गोठायला काही उरत नाही. प्रतिविषाच्या १० कुप्या लावल्या.

शेजारच्या खाटेवर सिन्नरचे एक काका होते. अँजिओप्लास्टीत धमनीत मोठी गुठळी सापडलेली, म्हणून टायरोफिबान या गुठळी रोखणाऱ्या औषधाची ड्रिप चालू होती. त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, सापवाला पेशंट बाबांच्या एवढा जवळ नको." साप जणू खाटेखालीच बसला होता!

"अहो, बाबांची ड्रिपसुद्धा फुरशाचीच देणगी आहे," मी म्हटलं. तो पांढराफटक पडला. मग त्याला नीट सांगावं लागलं. फुरशाच्या विषात इचिस्टॅटिन नावाचं एक छोटं प्रथिन असतं. ते प्लेटलेट्सवरची फायब्रिनोजेन पकडायची जागाच अडवतं, त्यामुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत. ही करामत पाहून शास्त्रज्ञांनी तसाच वागणारा लहानसा रेणू कारखान्यात घडवला, तोच हा टायरोफिबान. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ड्रिपमध्ये विषाचा थेंबही नसतो. आमच्या शिक्षणात फुरसं भेटलं ते फक्त चार विषारी सापांच्या यादीत. ही बाजू मी पुढे स्वतः वाचली.

सहा तासांनी पोराची चाचणी पुन्हा केली. नळी कलती केली तरी गुठळी जागची हलली नाही. काकांची ड्रिप सकाळी थांबवली.

डिस्चार्जच्या दिवशी काकांच्या मुलाने गोळ्यांची यादी पुढे धरली. "सर, यात सापाचं काही नाही ना?"

यादीत रामिप्रिल ही रक्तदाब उतरवणारी गोळी होती. या घराण्यातली तोंडाने घ्यायची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरून सुचलेली, १९८१ ची.

"आहे की," मी म्हटलं. "रोज एक. चुकवू नका."