एफजे ४७० ला नवं डिझेल इंजिन: चेंबर, प्रॉपेलर आणि अर्थचा एक बोल्ट

एका रविवारी सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये आमची जुनी महिंद्रा मिनीबस, एफजे ४७०, नव्या इंजिनवर पहिल्यांदा चालू झाली. पहिल्या सेल्फला नुसतीच फिरली. हातपंपाने पुन्हा डिझेल चढवलं आणि दुसऱ्या सेल्फला धरली. मेस्त्रीमामांनी बॉनेटला कान लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बसलंय. आता बंद कर, पाणी बघू." माझ्या अंगावर काटा आला होता. चौदा महिने या एका आवाजासाठी चालले होते.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विलीज जीपचं फॉरवर्ड कंट्रोल मॉडेल ब्रुक्स स्टीव्हन्स यांच्या डिझाइनचं. १९५६ च्या शेवटी अमेरिकेत आलं, १९६५ ला तिथे बंद झालं. महिंद्राने ते आपल्याकडे पुढे चालवलं आणि त्याच घराण्यातली ही चपट्या नाकाची मिनीबस. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो, इंजिन दोन सीटच्या मध्ये बॉनेटखाली. माझी गाडी कागलजवळ एका शेतात पत्र्याच्या शेडखाली नऊ वर्षं उभी होती. तिचं फिरतं घर करतोय; आतला पलंग, ओटा, पाण्याची टाकी हे मागच्या वर्षीच उरकलं. राहिलं होतं इंजिन. जुनं प्यूजो एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. भरपूर चाललेलं, क्रँक घासून घासून शेवटच्या साइझला येऊन पोचलेला, त्यामुळे पुन्हा बांधण्यात अर्थ नव्हता.

सगळ्यांनी आधी एमहॉक सुचवलं. २१७९ सीसी, १२० एचपी, मोह होण्यासारखंच आहे. मी ते घेतलं नाही. माझी हाउसिंग (ॲक्सलची पेटी) जुनी, चारही चाकांना ड्रम, आणि आत घरचा संसार भरलेला. एवढी ताकद आधी प्रॉपेलरचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टचा, क्रॉस (सांधा) तोडणार, मग डिफरन्स (ॲक्सलमधले गिअर). मी घेतलं बोलेरोचं एमटूडीआयसीआर, २५२३ सीसी, कॉमन रेल (एका सामाईक नळीतून जास्त दाबाने इंजेक्टरला डिझेल देणारं). एचपी ६३. म्हणजे कागदावर जुन्या प्यूजोएवढंच. मित्र म्हणाले, मग एवढा खटाटोप कशाला? उत्तर टॉर्कमध्ये आहे. हे इंजिन १४०० आरपीएमलाच १९५ न्यूटन मीटर देतं. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना, मागे पाणी भरलेलं आणि चौघं बसलेले असताना, जुनं इंजिन ओरडायला लागल्याशिवाय ओढत नसे. नवं इंजिन सुरुवातीलाच खालून उचलतं.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते आणि हे आधी कुणी सांगत नाही. प्यूजो ४५०० पर्यंत पळायचं. हे ३२०० ला पूर्ण ताकदीवर येतं, पुढे दम नाही. मी हाउसिंग उघडून दात मोजले: क्राउन ४३, पिनियन ८, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८. माझ्या टायरचा घेर २.२ मीटर. चौथा गिअर सरळ एकास एक धरला तर ३२०० ला गाडी ताशी जेमतेम ७८ किलोमीटर. जुना चार गिअरचा बॉक्स ठेवला असता तर हायवेवर मागून ऊस भरलेला ट्रक हॉर्न मारत बसला असता. म्हणून बोलेरोचा पाच गिअरचा बॉक्सही सोबत घेतला. पाचवा ओव्हरड्राइव्ह आहे (शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरतो), तिथे हिशोब जुळतो. इंजिन बदलणाऱ्या प्रत्येकाने आधी ही आकडेमोड करावी, मग पैसे काढावेत.

इंजिन सुटं घेतलं नाही, मागून ठोकलेली अख्खी बोलेरो लिलावात घेतली. वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), चावी, मीटर, ॲक्सिलरेटरचं पेडल, सगळं एकाच गाडीचं. चावीतली चिप आणि ईसीयू एकमेकांना ओळखतात, त्यामुळे भंगारातून तुकडे गोळा करून हे इंजिन चालू करायला जाऊ नका.

आता चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं. पुढची हाउसिंग बरोबर इंजिनखाली आणि बोलेरोच्या चेंबरचा खोल भाग नेमका तिच्यावर येत होता. गाडी उभी असताना ४० मिलिमीटर फट दिसत होती, म्हणून मी खूश होतो. मामांनी पुढच्या स्प्रिंगचे पाटे सोडले, मुख्य पान तेवढं ठेवलं आणि जॅकने हाउसिंग रबर स्टॉपरपर्यंत वर नेली. फट संपली, चेंबरला घासायला लागली. "खड्ड्यात गेल्यावर काय करणार तू?" त्यांनी विचारलं. चेंबर कापून उथळ करायचा एक मार्ग होता, पण मग ऑइल कमी बसणार, सक्शनची जाळी हलवावी लागणार, आणि घाटाच्या उतारावर जाळी उघडी पडली तर बेअरिंग जाणार. आम्ही चेंबरला हात लावला नाही. इंजिन २८ मिलिमीटर वर घेतलं. त्यासाठी भंगारातला एक मोकळा ब्लॉक आणून दोन महिने तोच चढवत-उतरवत होतो, खरं इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली. इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनचे ब्रॅकेट वाय. पी. पोवारनगरात आठ एमएमच्या प्लेटमधून कापून घेतले. या गावात काम सांगताना ड्रॉइंग लागत नाही, पुठ्ठ्याचा साचा नेला की पुरतो. टर्नरकाकांनी तो साचा उजेडात धरून बघितला आणि एका भोकावर पेन्सिलने खूण केली: "हे दोन एमएम बाहेर घे, नाहीतर पाना बसणार नाही." खरंच बसला नसता.

इंजिन वर गेलं की गिअरबॉक्सचं शेपूट वर जातं आणि प्रॉपेलरचा कोन बदलतो. बॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन समांतर राहिले पाहिजेत, नाहीतर ठरावीक वेगाला गाडीची जमीन थरथरते. मागच्या हाउसिंगखाली दोन अंशांची पाचर घातली, प्रॉपेलर ११० मिलिमीटरने कापून बॅलन्स करून घेतला. गिअरचा दांडा सीटच्या मागे येत होता, तो केबलने पुढे आणला. तिसरा गिअर अजून थोडा जड पडतो.

डिझेलची जुनी टाकी टाकूनच दिली. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, इंजेक्टरला गंजाचा कणही सोसत नाही. नवी टाकी स्टीलची, आत जस्ताचा मुलामा अजिबात नाही, कारण जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि इंजेक्टरवर बसतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि रिटर्न लाइन दोन्ही बोलेरोचेच.

सर्वात जास्त रात्री गेल्या त्या वायरिंगवर. इंजिन चालू व्हायचं, पण पेडल दाबलं की दहा सेकंदांत चेक लाइट लागायची आणि आरपीएम वर जायचाच नाही. स्कॅनर कधी पेडलचा सेन्सर दाखवायचा, कधी रेलचा. मी पेडल बदलायला निघालो होतो. शेवटी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीयूच्या अर्थला लावून सेल्फ मारला. ०.९ व्होल्ट. तिथे शून्याजवळ यायला हवं. चासीला मीच हौसेने तीन हात रंग मारला होता, आणि अर्थचा बोल्ट त्या रंगावर आवळलेला. पत्रा चमकेपर्यंत घासला, काटेरी वॉशर टाकला, ब्लॉकपासून चासीला जाड पट्टी वेगळी जोडली. ०.०४. त्यानंतर लाइट लागलेली नाही.

कागदपत्रांचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. बोलेरोची बिलं, चासी आणि इंजिन नंबरचे फोटो लावून अर्ज दिला आहे. मंजुरी येऊन आरसीवर नंबर चढेपर्यंत गाडी रस्त्यावर काढणार नाही, शिरोलीत मित्राच्या कारखान्याच्या आवारातच फिरवतो. आतापर्यंत ३८ किलोमीटर झाले. तिथल्या चढावर लोड टाकून दुसऱ्या गिअरला सोडली, न रेस देता चढली.

पुढचं काम उष्णतेचं. वीस मिनिटं चालवल्यावर बॉनेटच्या पत्र्यावर, माझ्या डाव्या गुडघ्याजवळ, ७१ अंश भरले. टर्बो त्याच बाजूला आहे. पत्र्याच्या आत सिरॅमिक ब्लँकेट आणि त्यावर ॲल्युमिनियमची शीट लावणार, टर्बोच्या नळीला गुंडाळायची पट्टी आणली आहे. व्हॅक्यूम पंप असल्याने ब्रेकला बूस्टर बसवलाय, पुढे डिस्क मात्र पावसाळ्यानंतर.

आणि कुणाकडे एफजेच्या पुढच्या काचेचं मूळ रबर असेल, किंवा त्याच्या छेदाचा साचा असेल, तर कळवा. इथे रबर ओतून देणारे आहेत, पण माझा जुना तुकडा इतका आखडलाय की त्यावरून माप घेता येत नाही.