केरीच्या फेरीधक्क्यावर गरवण्याचा एक दिवस

आधी पत्ता नीट घ्या. गोव्यात केरी दोन आहेत. बेळगावहून चोर्ला घाट उतरल्यावर लागते ती सत्तरीतली. तिथे अंजुणेचं धरण आहे, समुद्र नाही. गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जायचं ते पेडणे तालुक्यातल्या केरीला, जिथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते. बेळगावकरांनी तर मोबाइलमध्ये नुसतं 'केरी' टाकून निघूच नये.

आम्ही कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी असे गेलो. सावंतवाडीहून बांद्यावरून पेडण्यात उतरता येतं, नाहीतर शिरोडा-रेडी करत तेरेखोलच्या किल्ल्याखाली येऊन फेरीबोटीने नदी ओलांडता येते. वेळ असेल तर फेरीनेच या. मधल्या पाण्याचा ओढा किती आहे, फेस कुठल्या रेषेत जमतोय, गढूळ पाणी कुठे आणि निवळ कुठे, हे फेरीच्या कठड्यावरून जेवढं कळतं तेवढं काठावर उभं राहून कळत नाही. किल्ला नदीच्या उत्तरेला, महाराष्ट्राला लागून असला तरी तो गोव्याचाच. बांधला सावंतवाडीकर भोसल्यांनी, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. रेल्वेने येणाऱ्यांना पेडणे स्टेशन आणि विमानाने येणाऱ्यांना मोपा, दोन्ही याच तालुक्यात.

माझ्या मावसबहिणीचं सासर पालयेला. तिचे सासरे, आप्पा, नदीच्या तोंडावर गरवत म्हातारे झाले. मी गळ हातात धरला तो त्यांच्याच भरवशावर. काठी कुठली, रीळ कुठलं, याची मी बरीच चौकशी करून गेले होते. आप्पांनी माझ्या काठीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "बादली खंय आसा?" जिवंत आमिषाने गरवायचं तर निम्मं कौशल्य त्या बादलीत असतं, हे संध्याकाळपर्यंत मला पुरतं पटलं. म्हणून पुढे बादलीबद्दल जरा जास्तच लिहिते आहे.

पण आधी दिवस कुठला निवडायचा ते. आम्ही दिवाळीनंतरची अष्टमी धरली होती. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. त्या दिवसांत नदीच्या तोंडाशी पाणी इतकं ओढतं की जड शिसंही तळाला टिकत नाही आणि नवख्या माणसाचा सगळा वेळ तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडवण्यात जातो. मुरलेले लोक मुद्दाम उधाण गाठतात, कारण मोठा मासा त्या पाण्याबरोबर फिरतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मात्र भांगाचं, म्हणजे कमी ओढीचं पाणी बघावं, षष्ठीपासून दशमीपर्यंतचं. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा. हा हिशोब मुंबईकडचा. गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी येते. रोज ती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. मोबाइलवर मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे आकडे मिळतात, तेही बघून ठेवा.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला भरती पूर्ण झाली, दुपारी बाराच्या आत पाणी तळाला गेलं आणि मग संध्याकाळपर्यंत चढत राहिलं. आमचा दिवस त्याच क्रमाने लागला: सकाळच्या ओहोटीत आमिष मिळवायचं, दुपारच्या चढत्या पाण्यात गरवायचं.

आमिष म्हणजे जिवंत कोळंबी, आणि ती बाजारात मिळत नाही. ती मिळते मानशीवर. गोव्याच्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठी बांध घालून केलेल्या सखल शेतीच्या, बांधांना पाणी आत-बाहेर सोडायची दारं असतात, ती मानस. भरतीला नदीचं पाणी आत येतं, ओहोटी लागली की बाहेर धावतं. त्या धावत्या पाण्याच्या तोंडाशी पिशवीसारखं लांब जाळं लावतात. आतल्या खाजनात पोसलेली कोळंबी, खेकडे, बारीक मासळी सगळं त्यात येतं. मानशीवरच्या मासळीचा हक्क लिलावात घेतलेला असतो, तेव्हा स्वतः हात घालायचा नाही. ज्याची मानस त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. आम्ही सात वाजता पोचलो तेव्हा जाळं एकदा रिकामं करून झालं होतं. आप्पांनी ओंजळीत उचलून एकेक कोळंबी बघितली. मिशा शाबूत, अंग काचेसारखं आरपार, शेपूट पंख्यासारखी उघडलेली अशी तेवढी घ्यायची. अंगावर पांढुरकी झाक आली असेल तर ती तासाभराची सोबतीण. लांबी तर्जनीएवढी. चाळीसेक घेतल्या. त्याच जाळ्यात सापडलेली बोटभर लांबीची चार बोयटं, म्हणजे बारीक मासेही, आप्पांनी स्वतःसाठी वेगळ्या डब्यात टाकली.

आता बादली. पंधरा-वीस लिटरची, फिकट रंगाची, झाकणवाली. झाकण हवंच, कोळंबी उडी मारते. पाणी तिथलंच घ्यायचं, जिथून कोळंबी काढली. नळाचं पाणी थेंबभरही नको, त्यातलं क्लोरीन कोळंबीला सोसत नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो, मत्स्यटाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात. तो घ्या आणि जादा सेल घ्या. त्याच्याइतकी उपयोगी वस्तू त्या दिवशी आमच्याकडे दुसरी नव्हती. ऊन चढलं की पाणी तापतं आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. तेव्हा घरून पाण्याची बाटली गोठवून आणायची, बूच घट्ट लावून ती अख्खी बादलीत सोडायची. सुटा बर्फ टाकायचा नाही, तो वितळला की पाणी अळणी होतं. बादलीवर ओलं गोणपाट, आणि बादली सावलीत. पाणी बदलायचं तर तांब्या-तांब्याने. मानशीवरचं पाणी आणि नदीच्या तोंडचं पाणी यांच्या खारेपणात फरक असतो, तो कोळंबीला हळूहळू सोसू द्यायचा. मेलेली दिसली की ताबडतोब बाहेर, नाहीतर ती बाकीच्यांचं पाणी नासवते. आणि उन्हासाठी हाताला क्रीम चोपडलं असेल तर पुसल्याशिवाय बादलीत हात घालू नका.

एवढं केल्यावर सकाळी सातला घेतलेल्या कोळंब्यांपैकी बहुतेक सगळ्या दुपारी तीनला बादलीच्या काठाला धडका देत होत्या.

काठी-रिळाचं थोडक्यात. सात-आठ फुटी काठी, चार हजार नंबरचं रीळ, त्यावर ०.३५ मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस. मध्ये भोक असलेलं शिसं तंगुसावर मोकळं सरकतं ठेवायचं, म्हणजे माशाला ओढताना त्याचं वजन लागत नाही. खाली फिरकी, म्हणजे तंगुसाला पीळ पडू न देणारी कडी, फिरकीच्या पुढे हातभर जाड तंगूस, टोकाला गळ. भांगाच्या पाण्याला तीस ते पन्नास ग्रॅम शिसं पुरलं. गळ आतल्या बाजूला वळलेल्या टोकाचा घ्या, ज्याला दुकानात सर्कल हुक म्हणतात. तो बहुतेक वेळा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, आणि लहान मासा जिवंत परत सोडता येतो.

कोळंबी गळाला लावायची रीत आप्पांनी माझ्या हातात हात धरून दाखवली. डोक्यावर करवतीसारखं शिंग असतं. शिंगाच्या मागे, कवचातून एक काळपट ठिपका दिसतो. गळ त्या ठिपक्याच्या पुढून, शिंगाच्या बुडातून आडवा काढायचा. ठिपक्याला टोक लागलं की कोळंबी जागीच संपते. नीट लागली तर ती पाण्यात पाय चालवत राहते. ओढ जास्त असेल तेव्हा शेपटीच्या शेवटच्या पेरातून लावायची. कोळंबी ओल्या हाताने धरायची आणि टाकताना काठी झटकायची नाही. हलक्या हाताने, खालून वर, पाळणा ढकलावा तशी. जोरात फेकली तर कोळंबी एकीकडे आणि गळ दुसरीकडे जातो.

दुपारी एकच्या सुमारास धक्क्यावर बसलो. फेरी लागते तो उतार सोडून, नदीच्या वरच्या अंगाला. फेरी येताना दिसली की सगळ्यांनी गळ वर घ्यायचे, हा तिथला शिरस्ता आहे आणि तो पाळाच. फेरीच्या पंख्यात तंगूस गेला तर नुकसान तुमच्या काठीपुरतं राहत नाही. तिथे आधीपासून बसलेल्या माणसाला कुठे टाकू म्हणून विचारा. आम्हाला एका आजोबांनी खूण करून पाण्याखालचा खडक दाखवला, त्याने आमचे किती गळ वाचले असतील.

तासभर काही नाही. मग पाण्याचा रंग बदलला, समुद्राकडून निळसर धार आत सरकली, आणि माझ्या काठीच्या शेंड्याला बारीक थरथर सुरू झाली. मासा अजून लागलेला नव्हता. ही थरथर कोळंबीची. मोठा मासा जवळ आला की ती घाबरून पाय झाडते आणि ते तंगुसावरच्या बोटाला कळतं. इतक्या खोलवरची, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट बोटाच्या पेरावर येऊन पोचते, याचा मला आजही आनंद होतो. मग दोन टकटक. मी काठी उचलणार तोच आप्पा म्हणाले, "थांब गो बाय, खावंदे त्येका." या गळाला हिसका द्यायचा नसतो. तंगूस ताणू लागला की फक्त रीळ फिरवत जायचं, गळ आपोआप बसतो.

वर आला शिंगाळा. पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांना तोच मिळणार, म्हणून सांगते: याला हात लावू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन करवती काटे असतात आणि ते विषारी असतात. जाड फडक्यात धरून पक्कडीने गळ काढायचा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास ठेवायचा, उष्णतेने ते विष निकामी होतं. आणि मग डॉक्टरकडे जायचं. केंड आला, म्हणजे हवा भरून फुगणारा तो, तर तसाच परत सोडा. त्याचं विष शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. पाकट, म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा, लागलं तर शेपटीपासून लांब राहा, तंगूस कापून टाका.

चारच्या पुढे खरी मजा आली. पाणी चढत होतं, ओढ मंदावत होती. यावेळी टकटक झालीच नाही, एकदम काठी वाकली आणि रीळ ओरडायला लागलं. तांबोशीने आमिष घेतलं की ती सरळ खडकाकडे पळते. तिला पहिले दोन हात रोखून धरलं तर ती आपली. रिळाचा ब्रेक आधीच नीट आवळलेला असावा, ऐनवेळी सुचत नाही. वर आली तेव्हा उन्हात तिची तांब्यासारखी पाठ चमकली. किलोभराची असेल. तांबोशीची पिल्लं कांदळवनात वाढतात, मोठी झाली की समुद्रातल्या खडकांकडे निघून जातात. धक्क्यावर मिळतात त्या मधल्या वयातल्या. म्हणून वीतभर लांबीची दिसली की आप्पा ती सोडायलाच लावतात. आम्हीही दोन सोडल्या.

आप्पांनी बोयट ओठांतून गळाला लावून चोणकासाठी टाकलं होतं. चोणक म्हणजे रायगडकडचा जिताडा. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. थोडक्यात, खूप मोठा चोणक ही अंडी घालणारी मादी. आप्पा ती पाण्यातच गळ काढून सोडतात. त्या दिवशी त्यांना मिळाला तो मधला, दोनेक किलोचा, आणि तो बर्फात गेला.

राहिलेल्या गोष्टी. उतारावर शेवाळ असतं आणि दगडांना कालवं चिकटलेली असतात. चप्पल नको, मागे पट्टा असलेली पकडीची सँडल किंवा बूट घाला. भरती चढताना मागची वाट बघून ठेवा. डोक्याला टोपी, पाणी भरपूर. बायकांची सोय धक्क्यावर नाही, किनाऱ्यावरच्या खानावळीत दुपारचं जेवण घ्या म्हणजे तो प्रश्न सुटतो. दोना पावलाची जेटी नवख्यांना आधी आठवते, पण तिथे पर्यटकांच्या गर्दीत काठी मागे न्यायला जागा मिळणं कठीण. मालिमच्या जेटीवर ट्रॉलर लागतात, ती मासळी घ्यायची जागा, गरवायची नव्हे. जून-जुलैतली मासेमारी बंदी यांत्रिक बोटींसाठी असते, तरी त्या दिवसांत नदी लाल गढूळ आणि बेफाम असते. नवख्यांनी पाऊस संपल्यावरच जावं. कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी कुणी बोलावलं तर पाण्याच्या कडेला बसू नका, तिथे मगरी आहेत. तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकतो. खिशात घाला आणि घरी नेऊन कापा.

मासा घरी न्यायचा तर लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा. शिळ्या वासाचं मूळ त्या रक्तात असतं. साफ घरी करा, धक्क्यावर खवले-आतडी पडली की संध्याकाळी फेरीने येणाऱ्या माणसांचे पाय घसरतात. फेरीनेच परतणार असाल तर शेवटच्या फेरीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. उरलेल्या जिवंत कोळंब्या त्याच नदीच्या होत्या, त्या आम्ही धक्क्याच्या आडोशाला नदीत सोडल्या.