ढापण्या

शाळेत कबड्डीचा डाव मांडला की मला हमखास प्रश्न यायचा, "ए ढापण्या, चष्म्याचं काय करणार?" दप्तरात ठेवला तर समोरचा गडी दिसायचा नाही, डोळ्यांवर ठेवला तर काचांचा हिशेब घरी आईला द्यावा लागायचा. शेवटी मी रेघेबाहेर बसून गुण मोजायचो. म्हणून असेल, अमेरिकन बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकन मला लांबच्या मामासारखा वाटतो.

जन्म १९२४चा, इलिनॉयमधल्या जोलिएटचा. उंची ६ फूट १० इंच आणि नाकावर सोडाबाटलीच्या बुडासारखा चष्मा. फोटोत बास्केटबॉलपटू कमी, बँकेतला हेडक्लार्क जास्त दिसतो. डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा देह होता, पण हातापायांचा मेळ नव्हता. प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीच्या उड्या मारायला लावल्या, चक्क नाचायला लावलं. बास्केटखाली उभं राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकायचा, पुन्हा पुन्हा. 'मायकन ड्रिल' या नावाने हा सराव आजही मुलांकडून घोटून घेतात.

पुढे तो मिनियापोलिस लेकर्स या व्यावसायिक संघाचा झाला आणि बाकीच्यांची पंचाईत झाली. त्याला बास्केटपासून लांब ठेवायला १९५१मध्ये बास्केटसमोरचा पट्टा, जिथे हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त रेंगाळता येत नाही, ६ फुटांचा १२ फूट रुंद केला. त्याआधी, १९५०च्या नोव्हेंबरात, फोर्ट वेनच्या संघाने वेगळीच शक्कल काढली होती: चेंडू नुसता धरून ठेवायचा. सामना १९-१८ असा संपला. लेकर्सच्या त्या १८ गुणांत १५ एकट्या मायकनचे! असल्या रटाळपणावर उतारा म्हणून १९५४मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं: तेवढ्या वेळात चेंडू बास्केटकडे टाकायलाच हवा. चष्मेवाल्या माणसासाठी नियम बदलतात, हे वाचून मी तो परिच्छेद बायकोला मोठ्याने ऐकवला. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

माझा आवडता किस्सा १९४९चा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन स्टेडियमबाहेर पाटी लागली: जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स. निक्स म्हणजे न्यूयॉर्कचा संघ. लेकर्सचं नावच नाही. ड्रेसिंग रूममध्ये मायकन कपडे बदलून तयार झाला, तर बाकीचे घरच्या कपड्यांत ढिम्म बसलेले. तू एकटाच खेळणार आहेस ना, मग जा की!

कपडे बदलताना त्याने चष्मा काढला असणार, हा आपला माझा अंदाज. मी एकदा चष्म्याशिवाय परक्याच लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. जिलबी येईपर्यंत पत्ता नव्हता.