तळावरचा एच

जुन्या रंगीत काचेची भांडी जमवू लागल्यावर पहिली काही वर्षे मी केवळ रंगाला भुलत होतो. कोबाल्टची गर्द निळी काच असो, सोन्याच्या अत्यल्प अंशाने लाल झालेली असो की अतिनील दिव्याखाली पोपटी झळकणारी युरेनियमची असो, भांडे डोळ्यांत भरले की ते घेतले जाई. ते कोणी घडवले हा प्रश्न मला पडला तो स्वतःच्याच चुकीमुळे.

तपकिरी आणि दुधी रंगांच्या लाटा एकमेकींत मिसळलेले, संगमरवरासारखे दिसणारे एक भांडे मी मोठ्या हौसेने घेतले होते. त्याच्या तळाशी पत्त्यांतल्या चौकटच्या आकृतीत इंग्रजी एच हे अक्षर उठलेले होते. ही अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेवार्क येथील हाइझी कारखान्याची खूण असल्याने मी भांड्याची नोंद हाइझीच्या नावावर करून टाकली.

मात्र हाइझीच्या रंगांची माहिती वाचताना तेथे 1925 सालचा गुलाबी ‘फ्लेमिंगो’ सापडला, हिरवा ‘मूनग्लीम’ सापडला, 1930 चा पिवळा ‘सहारा’ही सापडला; माझी तपकिरी लाट काही कोठे दिसेना. उलगडा झाला तो साच्यांच्या इतिहासातून. हाइझीचा कारखाना 1957 मध्ये बंद पडला आणि पुढच्याच वर्षी त्याचे साचे त्याच राज्यातल्या बेलेअर येथील इम्पिरियल कंपनीने विकत घेतले. खूण साच्यातच कोरलेली असते, त्यामुळे ती मुद्दाम काढून टाकली नाही तर नव्या मालकाच्या भट्टीतल्या काचेवरही जुन्याच मालकाचे अक्षर उमटते. माझे भांडे इम्पिरियलचे होते.

ही गोष्ट समजल्यापासून मी खुणेवर विसंबणे सोडले. उलटपक्षी खूण नसणे हाही पुरावा नव्हे, कारण हाइझीच्या पुष्कळ भांड्यांवर फक्त कागदी चिठ्ठी असे आणि ती पहिल्याच धुण्यात निघून जाई.

खुद्द इम्पिरियलची खूण मात्र मला फार आवडते, कारण कंपनीचे हस्तांतर तिच्यात वाचता येते. आधी ‘इम्पिरियल ग्लास’मधली आय आणि जी ही अक्षरे एकमेकांवर बसवलेली असत. 1973 मध्ये लेनॉक्सने कंपनी घेतल्यावर त्यांच्याआधी एल आला आणि 1981 मध्ये आर्थर लॉर्च मालक झाल्यावर त्याही आधी ए येऊन बसला. चार अक्षरांची ही खूण असलेले भांडे म्हणजे अगदी शेवटच्या काळातले, कारण 1984 मध्ये तीही भट्टी विझली.

तपकिरी भांड्याची नोंद मी आता दुरुस्त केली आहे. साचा हाइझीचा, काच इम्पिरियलची, अशी दोन्ही नावे तेथे लिहिली आहेत.