निळीच्या रांजणापासून कादंबरीपर्यंत : माझा अनुभव

नैऋत्य नायजेरियातले अबेओकुटा हे शहर 1830 मध्ये वसले. ओयोचे साम्राज्य मोडकळीला आल्यावर योरुबा प्रदेशात ज्या लढाया पेटल्या, त्यांत गावे उद्ध्वस्त झालेले एग्बा लोक सोदेके या सरदाराच्या मागोमाग ओगुन नदीजवळच्या ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आश्रयाला आले आणि तिथेच स्थिरावले. या शहरातल्या एका रंगारीण घराण्यातल्या मुलीवर मराठी कुमार वाचकांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहायची, असे मी ठरवले आणि ते काम आता पूर्ण झाले आहे. नोकरीनिमित्त आमचे कुटुंब लेगोसला राहत होते, आणि 2021 मध्ये लेगोस–इबादान ही नवी रेल्वे सुरू झाल्यापासून वाटेतल्या अबेओकुटाला जाणे पुष्कळ सोपे झाले होते. त्यामुळे ही कथा मला पुस्तकांबरोबरच त्या शहरातल्या अंगणांत बसूनही शिकता आली.

शहरच का निवडले, हे आधी सांगायला हवे. आफ्रिका म्हटले की आपल्याकडच्या मुलांपुढे बहुधा जंगल आणि प्राणी येतात. अबेओकुटात मात्र 1859 मध्येच ‘इवे इरोहिन’ हे योरुबा भाषेतले वृत्तपत्र एका मिशनऱ्याने सुरू केले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे रेल्वे पोहोचली होती. बाजार, छापखाना, शाळा, राजवाडा आणि घरोघरची रंगाची मडकी असलेल्या अशा गावात वाढणारी मुलगी मराठी मुलांना भेटावी, एवढीच माझी इच्छा होती. तिचे नाव मी आबेके ठेवले. काळ निवडला तो 1946 ते 1949 हा, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

रंगकाम हातांनी शिकल्याशिवाय त्यावर लिहायचे नाही, हा निश्चय मी सुरुवातीलाच केला होता. ओळखीतून एका वृद्ध रंगारीणबाईंनी मला आपल्या अंगणात येऊ दिले. त्यांच्यापुढे तरुण मुली गुडघे टेकून नमस्कार करीत, मीही तसाच करू लागले, आणि त्यानंतरच कामाला हात लावायची परवानगी मिळत असे. आदिरे म्हणजे या भागातले निळीत रंगवलेले नक्षीदार कापड. त्यासाठीची परंपरागत नीळ एलू नावाच्या वेलवर्गीय झुडपापासून मिळते. त्याची कोवळी पाने लाकडी उखळात कुटून त्यांचे गोळे वळायचे आणि ते वाळवून ठेवायचे, हे झाले अर्धे काम. उरलेले अर्धे राखेचे. तळाला भोके असलेल्या मडक्यात राख भरून ते दुसऱ्या मडक्यावर ठेवतात आणि वरून पाणी ओततात. राखेतून झिरपून खालच्या मडक्यात उतरलेल्या खारात ते गोळे भिजत घालून कित्येक दिवस आंबवतात. खार पुरेसा कडक झाला की नाही, हे बोटांना लागणाऱ्या बुळबुळीतपणावरून कळते, आणि रांजण तयार झाल्याचे वासावरून. पहिल्यांदा तो वास सहन होत नाही, नंतर मात्र मनुष्य त्याची वाट पाहू लागतो.

कादंबरीची घडण या कामानेच ठरवली. सुरुवातीच्या खर्ड्यात मी घटनांप्रमाणे प्रकरणे आखली होती. प्रत्यक्ष काम शिकल्यावर ती रांजणाच्या क्रमाने लावली. पाने कुटण्याच्या प्रकरणात घरातली माणसे भेटतात, कारण कुटताना गप्पा आणि गाणी चालतात. खार झिरपण्याच्या प्रकरणात थांबावेच लागते, म्हणून तिथे आजी आबेकेला जुन्या गोष्टी सांगते. कापड रांजणातून बाहेर काढल्यावर हिरवट दिसते आणि हवा लागली की पाहता पाहता निळे होते, हा क्षण मी दोनदा वापरला आहे, आणि दोन्ही वेळा आबेकेचे वय वेगळे असल्यामुळे ती वेगळे प्रश्न विचारते. हवेतल्या प्राणवायूमुळे नीळ धाग्यावर पक्की होते, हे शास्त्रीय स्पष्टीकरण पुस्तकाच्या शेवटी टिपणात दिले आहे; कथेत ते आजीच्या तोंडी घालणे मला खोटे वाटले. आजी ईया मापोचे नाव घेते. स्त्रियांच्या हस्तव्यवसायांची, विशेषतः रंगकामाची आणि कुंभारकामाची ही योरुबा देवता. घरातले लोक ख्रिस्ती झाले तरी रांजणापाशी तिचे स्मरण होत राहते, हे मी कथेत कोणताही खुलासा न करता येऊ दिले आहे.

नक्षीचे प्रकार बरेच आहेत. कापड राफिया या ताडाच्या धाग्याने बांधून रंगवले तर आदिरे ओनिको, सुईने टाके घालून रंगवले तर आदिरे अलाबेरे. मला सर्वांत अधिक जिव्हाळा वाटला तो आदिरे एलेकोबद्दल, ज्यात कसाव्याच्या, म्हणजे साबुदाणा ज्यापासून करतात त्या कंदाच्या, पिठाची खळ शिजवून, त्यात तुरटी घालून, ती कोंबडीच्या पिसाने कापडाच्या एकाच बाजूला रेखतात. खळ लावलेल्या जागी रंग चढत नाही. विलायती गिरण्यांचे गुळगुळीत कापड मुबलक मिळू लागल्यावर, म्हणजे विसाव्या शतकात, ही पद्धत रूढ झाली. ही गोष्ट मी मुद्दाम ठळक केली, कारण परंपरा म्हणजे अनादी काळापासून जसेच्या तसे चालत आलेले काहीतरी, अशी समजूत मुलांच्या पुस्तकांतून फार पसरते. इबादान शहराची थोरवी गाणाऱ्या ‘इबादान्दुन’ या प्रसिद्ध नक्षीत मापो हॉलचे खांब आहेत, आणि ती इमारत 1929 मधली आहे. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या 1935 च्या रौप्यमहोत्सवाचीही आदिरे नक्षी झाली. समुद्रदेवता ओलोकुनच्या नावाची नक्षी आणि परक्या राजाराणीचे चित्र एकाच बाजारात विकले जात होते. आबेके पहिल्यांदा पीस हातात घेते तेव्हा तिला फक्त चौकटीच्या रेषा ओढायला मिळतात, ते दृश्य लिहिताना माझ्या स्वतःच्या वाकड्या रेषांचा फार उपयोग झाला.

यापुढचा भाग सर्वांत अवघड होता, तो पैशाचा. रंगकाम ही स्त्रियांची कमाई होती. कोरे कापड उधारीवर घ्यायचे, रंगवून विकायचे, देणे फेडायचे आणि उरले ते आपले, असा तो व्यवहार. 1920 च्या दशकात सेनेगलपासूनचे व्यापारी अबेओकुटाला आदिरे घ्यायला येत. मग मंदी आली, आणि कृत्रिम नीळ व कास्टिक सोडा वापरावा की नाही यावरून 1930 च्या दशकात मोठा वाद पेटला. शहराचा राजा, म्हणजे आलाके, याने त्या रसायनांवर बंदी घातली आणि अनेक रंगारिणींनी त्या बंदीला विरोध केला. हा वाद मी आजी आणि आई यांच्यात वाटून दिला. आजी राखेच्या खाराची, आई सोड्याची, आणि दोघींचेही म्हणणे वाचकाला पटावे अशी माझी धडपड होती, कारण सोड्याने वेळ आणि श्रम वाचतात हे खरे आणि अतिरेक झाला तर कापड विरते हेही खरे. एका संपादकांनी हे प्रकरण मुलांना रुक्ष वाटेल, म्हणून गाळायला सुचवले. मी ते ठेवले. हिशेब कळल्याशिवाय आबेकेच्या घरातली भीती कळणार नाही, आणि भीती कळली नाही तर शेवटची प्रकरणे पोकळ होतील, असे मला ठामपणे वाटत होते.

ती भीती कराची होती. ब्रिटिश वसाहतीच्या काळात अबेओकुटात स्त्रियांवर स्वतंत्र कर होता, आणि मुलींना तो पंधराव्या वर्षापासून लागू होई. माझी नायिका चौदा वर्षांची आहे, ती यासाठीच. जन्माचा दाखला नसलेल्या मुलीचे वय ठरवायचे कसे? वसुली करणारे लोक मुलींना विवस्त्र करून वय तपासतात, अशी तक्रार त्या काळी स्त्रियांनी केली होती. बारा-तेरा वर्षांच्या वाचकांपुढे हे कसे मांडायचे, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. गाळणे म्हणजे त्या स्त्रियांच्या संतापाचे मूळच पुसणे झाले असते. अखेर ते दृश्य मी आबेकेच्या मैत्रिणीच्या घरी घडवले आणि दाराबाहेरूनच सांगितले. आत काय झाले ते मैत्रीण एका वाक्यात सांगते आणि आबेकेची आई त्याच संध्याकाळी रांजण झाकून सभेला जाते.

त्या सभा फुनमिलायो रॅन्सम-कुटी या शिक्षिका आणि स्त्रियांच्या पुढारी यांच्या. अबेओकुटातल्या शिकलेल्या स्त्रियांचे मंडळ बाजारातल्या स्त्रियांना लिहायला-वाचायला शिकवू लागले, त्यातून त्यांची गाऱ्हाणी कळली आणि 1946 मध्ये ‘अबेओकुटा विमेन्स युनियन’ उभी राहिली. 1947 मध्ये हजारो स्त्रिया राजवाड्यापुढे ठाण मांडून बसल्या, आणि जानेवारी 1949 मध्ये आलाके दुसरा अडेमोला याला गादी सोडावी लागली. रॅन्सम-कुटींना मी कथेत फार थोडे बोलू दिले आहे. ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी लांबलचक कल्पित भाषणे घालणे मला योग्य वाटत नाही. आबेकेला पुढारीही केलेले नाही. ती आईबरोबर साक्षरता वर्गाला जाते आणि घराची उधारीची वही स्वतः वाचू लागते.

खर्डा पूर्ण झाल्यावर त्याचा प्रकरणवार सारांश मी लेगोसमधल्या दोन योरुबा परिचित स्त्रियांकडून तपासून घेतला. एकीने संध्याकाळच्या कथांचा क्रम सुधारला : सांगणारी ‘आलो ओ’ म्हणते, ऐकणारी मुले तेच पुन्हा म्हणून उत्तर देतात, आणि मगच इजापा कासवाची गोष्ट सुरू होते. दुसरीने आजीच्या तोंडचे एक वाक्य खोडायला लावले, कारण इतक्या वडीलधाऱ्या बाईने नातीची अशी विनवणी केली नसती. पुण्यातल्या दोन भाचरांना मी सगळी प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा राखेच्या मडक्यांची मांडणी त्यांना शब्दांवरून नीट उमगेना. म्हणून चित्रकाराकडे आता अंगणाचा आराखडा, वरच्या-खालच्या मडक्यांची छायाचित्रे आणि मी रेखलेल्या कापडाचा एक तुकडा पाठवला आहे, आणि पहिले चित्र त्याच प्रकरणाचे काढावे, असे आमचे ठरले आहे.