यादीतून राहून गेलेली आजी

वेंगुर्ल्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी सहा वर्षं काम करते. आमच्याकडे कुणी गेलं की घरचे येऊन मयत नेतात, दिवसकार्य तिकडेच होतं. इथे गादीला ऊन दाखवतात, नवी चादर पडते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कुणी काही सांगत नाही. त्रास होईल म्हणून.

गेल्या वर्षी एका आजोबांनी विचारलं, "माझो शेजारी खंय गेलो?" मी म्हणाले, मुलाकडे गेलेत. पुढे तीन दिवस ते त्याचा चहाचा कप बशीने झाकून ठेवत होते. त्या खोट्याची मला अजून लाज वाटते. वर्षभरात गेलेल्यांसाठी स्मरणसभा घ्यायची, आणि ती आधी इथल्या माणसांसाठी घ्यायची, हे तेव्हाच ठरलं.

तारखेने फार दमवलं. गणपतीत चाकरमानी गावात असतात, पण घरात बाप्पा असताना असल्या कार्यक्रमाला कोण येणार? सर्वपित्रीला ज्याच्या त्याच्या घरी पान वाढायचं असतं. शेवटी पितृपक्षातला मधला रविवार धरला, १४ सप्टेंबर २०२५. कोकणकन्येने रात्री मुंबईहून निघालेली माणसं सकाळी कुडाळला उतरतात, म्हणून वेळ अकराची. संध्याकाळ नकोच होती. विस्मरणाचा आजार असलेले तिन्हीसांजेला कासावीस होतात, घरी जायचं म्हणून दाराशी येऊन उभे राहतात. कार्यक्रम पाऊण तासाचा. बोलणाऱ्याने उजेडात, समोर तोंड करून उभं राहायचं, कारण कमी ऐकू येणारे ओठांकडे बघून समजून घेतात. दोघांनी यायला नको म्हटलं, त्यांना आग्रह केला नाही.

फोटो मागताना नातेवाइकांना स्पष्ट सांगितलं, आधार कार्डावरचा नको. एकाने होडीच्या काठावर बसलेल्या बापाचा पाठवला, तोंडात विडी, डोळे उन्हाने बारीक. तो बघून तीन-चार जणांना एकदम बोलायला विषय मिळाला.

गेलेल्यांत एक ख्रिस्ती बाई होती. फादरांना भेटले. त्यांचा मृतांचा दिवस २ नोव्हेंबरला, तेव्हा मिस्सा होईलच, पण इथेही येऊन प्रार्थना म्हणतो म्हणाले. हॉलमध्ये समई आणि शेजारी मेणबत्ती, एवढंच ठेवलं. नैवेद्याचं पान बाहेर, अंगणात.

मी सात नावं वाचली. प्रत्येक नावाला एक अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. वाचून कागद घडी घालतेय तोच मागून एक आजी म्हणाल्या, "आणि आमची बाय खंय रवली?"

माझ्या अंगावर काटा आला. यादी मी रजिस्टरवरून केली होती. बाय रुग्णालयात गेली ती परत आलीच नाही, आणि रजिस्टरात तिच्यापुढे फक्त 'रुग्णालयात हलवले' एवढंच होतं. तिला जवळचं कुणी नव्हतं, त्यामुळे फोटोसाठी फोन लावतानाही ती आठवली नाही. मी सगळ्यांसमोर माफी मागितली.

आजी काही बोलल्या नाहीत. वॉकर धरून खोलीत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत बायने वळलेल्या वाती, एकसारख्या, तुपात भिजवून ओळीने लावलेल्या. समईतली वात काढून त्यांनी बायची लावली.

मग त्याच आजोबांनी, कप झाकून ठेवणाऱ्या, गाऱ्हाणं घातलं. "ह्येंका सगळ्यांका तुझ्या पायाशी जागा दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" वर्षभर स्वतःच्या मुलाला न ओळखणारे एक काका तेही बरोबर वेळेवर म्हणाले. मुलगा शेजारीच बसला होता. त्याने वडिलांचा हात धरला तो वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढेपर्यंत सोडला नाही.

आता कुणाला रुग्णालयात हलवलं की मी आठवड्याला फोन करते आणि पुढचं रजिस्टरात लिहिते. नवरात्राच्या आधी आजींनी कापूस मागवला. डबा त्यांच्या कपाटात आहे.